माळावर पुरलेले डबे

कुठलीही वस्तू हातात आली की ते ती आधी कानाशी नेऊन हलवायचे. टॉर्चचा संपलेला सेल असो, खोकल्याच्या औषधाची बाटली असो, नाहीतर फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा असो. हलवायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "ह्यात अजून जीव हाय. टाकू नका."

मग ती वस्तू मालकाच्या घरी परत न जाता त्यांच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायची.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्याकडचा गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. परंडा तालुक्यातल्या त्या गावात मी शाळामास्तर होतो, आणि त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. सोसायटीचे चेअरमन दर निवडणुकीला बदलत, सेक्रेटरी मात्र ध्रुवासारखे अढळ. आपल्या मागच्या खोलीतच सहकार जन्माला आला, असा त्यांचा समज होता. मला समजावून सांगायचे, "सहकार म्हंजे काय गुरुजी? कुणाचं काय वाया जाऊ द्यायचं न्हाय." आणि कुणाचं काही वाया जाऊ नये म्हणून ते सगळं स्वतःच्या घरी आणत.

सोसायटीतून फवारणीचं औषध न्यायचं, तर रिकामा डबा परत आणून द्यावा लागे. असा नियम कुठंच नव्हता. तो सेक्रेटरींचा होता. त्यामुळं त्यांच्या खोलीत डब्यांची उतरंड छतापर्यंत गेली होती. काही डब्यांच्या तळाला थोडं औषध उरलेलं असे. तो वास भिंत ओलांडून माझ्या घरात येई. मी तक्रार केली की म्हणायचे, "चांगलंय की. तुमच्या घरात ढेकूण होनार न्हाईत."

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंना त्या खोलीत पाऊल ठेवायची मुभा नव्हती. झाडायचीसुद्धा नाही, कारण झाडताना एखादी उपयोगाची गोष्ट बाहेर जाईल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पिकंच नाहीत तर फवारणी कशावर? औषध सोसायटीत पडून राहिलं आणि माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. सरकारी टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायचा, आणि विहीर कोरडी व्हायच्या आत ज्याला जेवढं भरता येईल तेवढं त्याचं. पाण्याइतकीच भांड्यांची टंचाई झाली. सेक्रेटरींचं भाग्य उजळलं. इतकी वर्षं ज्या खोलीला गाव हसत होतं, ती खोली आता त्यांनी गावासाठी उघडली.

तीही साध्यासुध्या पद्धतीनं नाही. सोसायटीच्या पायऱ्यांवर डबे मांडले, सरपंचांच्या हातून नारळ फोडला आणि सेक्रेटरींनी भाषण केलं. डब्यांवर कवटी आणि दोन हाडं छापलेली होती. एका म्हातारीनं विचारलं, "हे कुणाचं चित्र म्हनायचं?"

"कंपनीचा शिक्का हाय, मावशी," सेक्रेटरी म्हणाले.

मी पुढं होऊन म्हणालो, "सेक्रेटरी, हे विषाचे डबे आहेत. ह्यात पाणी भरायचं?"

"विष न्हाय गुरुजी, औषध," ते जमावाकडं बघत म्हणाले. "राखंनं घासलं की झालं. शाळंत तुमचं चालू द्या, हितं आमचं चालू द्या."

लोक हसले. आमच्याकडं विषाला औषध म्हणायची पद्धत आहे, आणि औषधाला कोण घाबरतो? डबे हातोहात गेले. लोकांनी ते राखेनं घासले, पण पाण्याच्या दुष्काळात डबा धुण्यावर पाणी कोण घालवणार? सेक्रेटरींनी स्वतःच्या घरचा डबा एका तांब्याभर पाण्यात धुतला आणि ही काटकसर मला भिंतीपलीकडून ओरडून कळवली.

पुढं काही दिवसांनी, भर दुपारी, काकू खडीच्या कामावरून आल्या. सेक्रेटरीची बायको असूनही त्या कामावर जात, कारण घरबसल्या दिवस वाया घालवणं त्यांच्या नवऱ्याला पटत नसे. घशाला कोरड पडलेली. डब्यातलं पाणी त्या गटागटा प्यायल्या. मी धावत गेलो तेव्हा त्या उंबऱ्यावर आडव्या होत्या, तोंडातून फेस येत होता आणि हातापायांना झटके येत होते. सेक्रेटरी सोसायटीतून पळत आले. धोतराचा सोगा सुटलेला.

सोसायटीपुढं रेशनवर येणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीचा ट्रक उभा होता. पोत्यांवर काकूंना निजवलं आणि ट्रक बार्शीच्या रस्त्याला लागला. मी काकूंचं डोकं धरून बसलो होतो. सेक्रेटरी समोर बसून छातीशी एक पिशवी घट्ट धरून होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध पोटात गेलंय?"

सेक्रेटरींनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं आणि नर्सला भराभर इंजेक्शनं सांगितली. मग सेक्रेटरींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "डबा बरोबर आणलात, फार शहाणपणा केलात. लोक नेमकं हेच विसरतात."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. डबा त्यांनी औषधाचं नाव कळावं म्हणून आणला नव्हता. घर उघडं पडलंय, कुणी उचलून नेईल म्हणून आणला होता. हे मला माहीत होतं, कारण ट्रकवर चढताना ते तसं म्हणाले होते.

काकू वाचल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा आम्ही दोघं खाटेशी उभे होतो. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग नवऱ्याकडं बघून विचारलं, "डबा टाकला का ठिवला?"

सेक्रेटरी आयुष्यात खोटं बोलले नव्हते असं नाही, पण त्या वेळी त्यांना सुचलं नाही. "पिशवीत हाय," ते म्हणाले.

काकूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

निघताना सेक्रेटरींनी डॉक्टरांना विचारलं, "ह्या डब्यांचं करायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "भोकं पाडा, म्हणजे कुणी परत वापरणार नाही. आणि विहीर-ओढ्यापासून लांब, उंचावर, खोल पुरा. जाळू नका."

गावात येताच सेक्रेटरी दारोदार फिरू लागले. "डबा द्या. परत द्या." लोकांना वाटलं, बायकोच्या दुखण्यानं माणूस फिरला. कुणी म्हणालं, "दिलेलं दान परत मागतो व्हय?" कुणी म्हणालं, "आमाला तर काय झालं न्हाय." शेवटी त्यांनी घरातली पितळेची भांडी बाहेर काढली. डब्याला कळशी, डब्याला तपेलं. काकूंच्या माहेरचा हंडा निघाला तेव्हा मी काकूंकडं बघितलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "जाऊ दे." सरपंचांच्या घरून एकच डबा आला आणि सगळ्यांत मोठी घागर त्यांच्या घरी गेली.

डबे जमले, आता पुरायचे कुठं? पारावर बैठक बसली. पडक्या विहिरीत टाकावेत, तर पुढं पाऊस पडून तीत पाणी येईल. नदीत टाकावेत, तर वाळूत झिरे खणून लोक पाणी काढत होते. ज्याच्या त्याच्या शेताचं नाव निघालं की तो तो उठून उभा राहायचा. शेवटी सरपंच म्हणाले, "बौद्धवाड्याखालच्या ओढ्यात पुरा. तिकडं कोन जातंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनीही डोलावली.

मागं लिंबाजी उभा होता. रस्त्याच्या कामावर तो मुकादम होता. तो शांतपणे म्हणाला, "तिकडं आमी जातो, सरपंच. रोज. पानी भरायला."

सरपंच पान लावू लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकूंचा आवाज आला, "आपला माळ हाय की."

गावाबाहेर उंचावर सेक्रेटरींचा मुरमाड तुकडा होता. नोकरी संपल्यावर तिथं घर बांधायचं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं दगड जमवले होते. वारा कसा येईल, ओटा कुठं असेल, हे मला कितीदा ऐकवलं होतं. त्यांनी काकूंकडं बघितलं. मग उठले. "व्हय. माळ हाय."

खणायला गावातून कुणी आलं नाही. सकाळी लिंबाजी तेवढा पहार घेऊन आला, बरोबर आपल्या वस्तीतले डबे होते. सेक्रेटरींनी बदल्यात पातेलं पुढं केलं तेव्हा म्हणाला, "ठिवा तुमच्या चुलीला." मुरूम लोखंडासारखा होता. सेक्रेटरींच्या हाताला फोड आले. काकू दगडावर बसून सांगत होत्या, "अजून खोल. एवढ्यात थकलात व्हय?" पहारीनं एकेका डब्याला भोक पाडताना सेक्रेटरींचा चेहरा असा व्हायचा, की मला हसू यायचं आणि बघवायचंही नाही.

दुपारपर्यंत गावच्या बायका येऊ लागल्या, पदराआड काय काय घेऊन. उंदराचं औषध, गोचिडाची पावडर, मयत सासऱ्याच्या गोळ्या, गळके सेल. घराघरात किती विष जपून ठेवलं होतं, ते त्या दिवशी कळलं. सगळं खड्ड्यात गेलं. वर माती, आणि मातीवर घराचे दगड.

पुढं माझी बदली झाली. मध्यंतरी सोसायटीला गोदामासाठी तो माळ हवा होता, तेव्हा सेक्रेटरींनी स्वतःच सांगितलं, "खाली औषध हाय. घिऊ नका." पहिल्यांदाच कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं असेल, की एखादी वस्तू घेऊ नका.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा काकू मला माळावर घेऊन गेल्या. नुकत्याच झालेल्या पावसानं एका बाजूची माती वाहून गेली होती आणि एका डब्याची गंजकी कड उघडी पडली होती. काकूंनी आजूबाजूचे दगड गोळा करून ती झाकली. मीही हातभार लावला.

"त्यांच्या मागं घरातलं समदं वाटून टाकलं," त्या म्हणाल्या. "खोली रिकामी केली. त्यांचं म्हनून एवढंच राहिलंय, आन् हे कुनाला देताबी येत न्हाय."

त्यांनी आणखी एक दगड ठेवला, तो पक्का बसला का ते पायानं दाबून बघितलं आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

"चला गुरुजी. घरी गेल्या गेल्या हात धुवा. साबणानं."