राखाडी कोटावरची लिली

डीमन या डच गावातल्या आमच्या बिल्डिंगमधली मालिनी म्हणजे डागांची वैरीण. डिपेंडंट व्हिसावर आली, घरी बसून कंटाळली आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायला लागली. पैठणीवर डाग पाडून आणणारीला आधी बोलणी बसत, मग चहा मिळे.

२०२०च्या फेब्रुवारीत तिचे यजमान प्रकाशराव आर्नहेमच्या ऑफिसातून रिटायर झाले. निरोपाला मिळालेला लिलींचा गुच्छ त्यांनी छातीशी धरून ट्रेनमधून घरी आणला. राखाडी कोटावर केशरी पराग सांडले. सांडले तर सांडले, झटकायचे ना! पण हळद सांडली की पाणी, ही आपली सवय. ओला रुमाल घेऊन त्यांनी खसाखसा घासलं. हा पराग कोरडाच चिकटपट्टीनं उचलायचा असतो, पाणी लागलं की मेला कापडात मुरतो. मालिनीनं त्यांना असं फैलावर घेतलं की सत्काराच्या दिवशी बिचारे मान खाली घालून जेवले. तिनंच मला सांगितलं.

मार्चअखेर ते तापानं आडवे झाले. अँब्युलन्समध्ये हिला बसू दिलं नाही. पुढे फक्त व्हिडिओ कॉल. तेव्हा हिनं तो कोट बाहेर काढला. डाग घालवायचा, त्यांना फोनवर दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, निघाला, उगीच बोलले मी तुम्हाला. एवढंच तिच्या डोक्यात. रोज स्पिरिटनं टिपायची, बाल्कनीत उन्हाला टांगायची. मी म्हटलं, अगं, डागासकट दाखव, पण ते आजच बोलून टाक. ऐकेल तर शपथ! पुरा निघू दे, म्हणाली. तेवढ्यात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि बोलणं संपलं.

डाग निघाला. कुठे होता ते शोधूनही सापडेना. त्याच आठवड्यात प्रकाशराव गेले. फार वाईट वाटलं मला, अजून वाटतं.

अंत्यविधीवाल्यांचा फोन आला. तिचं डच जेमतेम, म्हणून स्पीकरवर मी बोलत होते. तिनं कोट इस्त्री करून मांडीवर घेतला होता. तो माणूस हळू आवाजात म्हणाला, कोरोना आहे, कपडे घालता येणार नाहीत. मी तिला सांगितलं.

"घालू नका म्हणावं," मालिनी म्हणाली. "नुसता एकदा दाखवा त्यांना."

तो पलीकडे वाट बघत होता. वीस वर्षं मी इथं डच बोलतेय. तिचं हे एवढं वाक्य काही मला त्याला सांगता आलं नाही.