कार्बोरेटरवरचे तीन ठिपके

मंडळी, आज दुपारपासून डोकं फिरलंय.

बाबांनी ऐंशीच्या दशकात भंगारातून आणलेली आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी मी बारा वर्षं जुळवतोय. गेल्या महिन्यात अंबरनाथचा आमचा मिस्त्री म्हणाला, "कार्बोरेटर गेला, फेकून दिला." उल्हासनगरचं एक दुकानही त्यानेच सुचवलं.

आज तिथे गेलो. "भाऊ, एकदम ओरिजनल!" दुकानदार म्हणाला. उलटा करून बघतो तर खाली पंचाने ठोकलेले तीन ठिपके. फिटर असलेल्या माझ्या बाबांची खूण! गाडीच्या प्रत्येक पार्टवर त्यांनी ती केली होती.

गुपचूप विकत घेतला, मिस्त्रीच्या हातात ठेवला. एरवी साधा नटही चारदा फिरवून बघणाऱ्या या माणसाने तो उलटा केलाच नाही.

"अस्सल माल आहे, शेठ."

तुम्ही तिथेच विचारलं असतंत का? मी नाही विचारलं. आता गाडीखाली आडवा पडून बाकीच्या पार्टवरचे ठिपके शोधतोय.