हलकं काडतूस

आर्लो स्टेन्स्रूडच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसे. गाडी बाहेर बर्फात आणि काडतुसं आत उबेला, असा त्या घरचा न्याय होता. भिंतीलगत लाकडी ओटा, त्यावर गोळी बसवायचं दाबयंत्र, बारूद तोलायचा नाजूक तराजू, काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचे डबे. उडवलेल्या पुंगळ्या आर्लो घासूनपुसून स्वतःच्या हाताने पुन्हा भरत असे. दुकानातलं तयार काडतूस आपल्या बंदुकीत घालणं म्हणजे घरचा स्वयंपाक सोडून खानावळीत जेवणं, असं तो म्हणे. त्यावर त्याची बायको थेल्मा म्हणे, "निदान खानावळीत ताटाशेजारी तराजू नसतो."

उभं आयुष्य त्याने विजेच्या खांबांवर काढलं होतं. मोंटानाच्या त्या उघड्या माळावर वादळ आलं की तारा तुटायच्या, आणि तारा तुटल्या की आर्लो निघायचा. वाऱ्याशी त्याची इतकी ओळख झाली होती, की नुसतं गवत बघून तो सांगायचा, गोळी किती सरकेल. त्यामुळे लांब पल्ल्याची शिकार हा त्याचाच प्रांत. घळीच्या या काठावर आर्लो, पलीकडच्या काठावर हरीण आणि मध्ये सहाशे यार्ड वारा. तो चाप ओढायचा आणि हरीण जागच्या जागी बसायचं. गावातली माणसं वाहवा करायची आणि आर्लो ती मान खाली घालून, पण पोटभर ऐकून घ्यायचा.

अशा माणसाच्या हातून गेल्या मोसमात एक मादी नुसतीच जखमी झाली.

गोळी खाली लागली आणि पुढचा पाय मोडला. ती तीन पायांवर घळीत उतरली आणि सेज नावाच्या खुरट्या झुडपांत दिसेनाशी झाली. आर्लोने दिवस मावळेपर्यंत रक्ताचा माग काढला, दुसऱ्या दिवशीही काढला, आणि तिसऱ्या दिवशी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले तेव्हा तो थांबला. घरी येऊन त्याने बंदूक पुसली आणि थेल्माला म्हणाला, "पुन्हा असं झालं, तर ही विकून टाकीन. मग मला कोणी शिकारी म्हणायला नको." थेल्माने त्या दिवशी चेष्टा केली नाही. हा माणूस सहसा शब्द देत नाही आणि दिला तर मागे घेत नाही, हे तिला ठाऊक होतं.

चूक कोणाची झाली, यावर आर्लोने हिवाळाभर विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे काडतुसाला धरलं.

उन्हाळा लागला तसा तो कामाला लागला. आधी गोळी बदलली. वारा कमी खाणारी, लांब आणि निमुळती आणली. मग त्यालाच शंका आली की एवढ्या लांब जाऊन ती अंगात नीट फुलणार नाही, आरपार निघून जाईल आणि जनावर तडफडेल. म्हणून मऊ टोकाची आणली. ती जड होती, म्हणून बारूद वाढवली. ही बारूद उन्हात एक आणि थंडीत एक वागते, म्हणून दुसरी आणली. गोळी पुंगळीत केसभर आत बसवून पाहिली, केसभर बाहेर ठेवून पाहिली. प्रत्येक खेपेला तो खडीच्या जुन्या खाणीत जाऊन कागदावर नेम धरायचा, आणि कागदाची चाळण व्हायची. एक भोक इथे, तर दुसरं पार खालच्या कडेला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," थेल्मा भांडी घासता घासता म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं. आर्लोने ऐकू न आल्यासारखं केलं.

खाणीत त्याच्याबरोबर कॉरीन जायची. कॉरीन म्हणजे थेल्माची धाकटी बहीण. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, रस्त्यापलीकडे एकटी राहणारी. काडतूस भरायला तिला आर्लोनेच शिकवलं होतं, आणि बसमध्ये पोरं सांभाळून तिच्या अंगी जो दम आला होता तो आर्लोच्या अंगी कधीच आला नाही. आर्लो टेबलावर बंदूक टेकवून बसायचा आणि ती बाजूला उभी राहून बंदुकीत एकेक काडतूस घालून द्यायची, कारण सारखा हात उचलला की त्याचा उजवा खांदा दुखायचा. त्या खांद्याची दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. खांदा बरा झाला, असं आर्लो सगळ्यांना सांगे. बंदुकीचा दणका बसला की तो दात आवळतो, हे मात्र तो सांगत नसे.

ऑगस्टमधल्या एका सकाळी कॉरीनने नेहमीसारखं बंदुकीत काडतूस घातलं. आर्लोने श्वास सोडला, नेम स्थिर केला, चाप ओढला.

टक्.

बार उडालाच नाही. पण बंदुकीची नळी वीतभर खाली गेली होती, खांदा आक्रसून मागे सरला होता, आणि आर्लोने डोळे उघडले तेव्हा बंदुकीवरच्या दुर्बिणीत नुसती खडी दिसत होती. डोळे उघडले म्हणजे ते मिटले होते, एवढं त्याला समजलं.

"यात बारूद नव्हती," कॉरीन शांतपणे म्हणाली. "ठिणगी पाडणारी टोपीही मेलेली. मी मुद्दाम तसं बनवलं."

"मला फसवलंस?"

"हो, भाऊजी."

आर्लोने बंदूक पिशवीत घातली आणि आपटायला दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून गाडीचं दार आपटलं. जेवताना तो अन्न नुसतंच चिवडत होता. थेल्माने रस्सेदार मांसाची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, "कॉरीनने काय केलं?" तो म्हणाला, "काही नाही." जखमी मादीचा मोडका पाय त्याला त्या ताटात दिसत होता. दणक्याच्या धास्तीने डोळे मिटले आणि नळी खाली गेली, म्हणून गोळी खाली लागली, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. हिवाळाभर आणि उन्हाळाभर त्याने बिचाऱ्या काडतुसांना शिव्या घातल्या होत्या, आणि जितकी जड काडतुसं भरली तितका खांदा जास्त घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून कॉरीनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. तिने काही न विचारता कॉफी ओतली.

"कधीपासून दिसत होतं तुला?"

"जूनपासून."

"आणि गप्प बसलीस?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा बारूद बदलली असती."

आर्लोने कप पुढे ओढला. तो म्हणाला, "पण मला कसं कळलं नाही?"

"डोळे मिटल्यावर स्वतःचे मिटलेले डोळे कोणाला दिसतात, भाऊजी? त्यासाठी शेजारी कोणीतरी लागतं." मग तिने फडताळातून एक खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. "ही मी भरलीत. गोळी हलकी, बारूद बेताची. धक्का असा, की पाठीवर थाप मारल्यासारखा."

आर्लोने एक काडतूस उचलून उजेडात फिरवलं. काम सुबक होतं, खोट काढायला जागा नव्हती, त्यामुळे तो जास्तच चिडला. "हे पोरांना शिकवताना देतात."

"पोरांचे डोळे उघडे राहावेत म्हणूनच देतात."

"आणि पल्ला?"

"दोनशे. फार तर अडीचशे. पुढे गोळीत जीव राहत नाही. सहाशेवरून मारलीत, तर पुन्हा डोमकावळे बघायला जावं लागेल."

म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी गाव त्याला ओळखत होतं, ती मेहुणीने खोक्याबाहेर ठेवली होती. आर्लो खोकं घेऊन घरी आला. पहिले कित्येक बार तरीही डोळे मिटूनच झाले, कारण खांद्याला अजून खात्री पटली नव्हती. कॉरीन मधूनच मेलेलं काडतूस घालायची आणि नळी हलली की "हं" म्हणायची. झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत तो "हं" कमी होत होत बंद झाला.

मोसम उघडला त्या सकाळी ओट्यावर दोन खोकी होती. एक त्याचं, जड आणि लांब पल्ल्याचं. एक तिचं. दोन्ही बरोबर न्यावीत, असं त्याच्या मनात आलं. जवळ असू दे, न जाणो. पण खिशात असलं की हात तिकडे जातोच, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्याने आपलं खोकं फळीवर ठेवून दिलं आणि तिचं खिशात घातलं. कॉरीन गाडीत बसून वाट बघत होती. त्याने कोणतं खोकं घेतलं, ते तिने विचारलं नाही.

ऊन वर आलं तेव्हा नर दिसला. घळीच्या पलीकडे, उतारावर, रुंद शिंगांचा, निवांत चरणारा. सहाशे यार्ड. वारा डावीकडून, हलका. आर्लोची बोटं आपोआप चापाकडे वळली, आणि मग त्याला आठवलं की खिशात काय आहे.

"आता?" कॉरीन कुजबुजली.

"आता चालायचं," आर्लो म्हणाला. "दुसरं काय?"

ते घळीत उतरले, सुका ओढा ओलांडला, आणि वारा तोंडावर घेत वर चढू लागले. शेवटी तर ओणवे होऊन सरपटले. निवडुंगाचे काटे आर्लोच्या गुडघ्यात गेले. कॉरीन मागून पुटपुटली, "या वयात मेहुणीला रांगायला लावलंत. थेल्माला सांगणार आहे मी." आर्लोला हसू दाबायला लागलं.

एका झुडपाआडून त्याने डोकं वर काढलं आणि तो थांबला. नर साठ-सत्तर यार्डांवर होता. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. एक कान फाटलेला होता. तो झुडपाची डहाळी ओढून चावत होता, आणि चावल्याचा आवाज येत होता. आर्लोने आयुष्यात कितीतरी हरणं मारली होती, पण चरणाऱ्या हरणाचा आवाज त्याने तरुणपणानंतर ऐकलाच नव्हता. दुर्बिणीतून आवाज येत नाही. तो बघत राहिला, आणि कॉरीननेही घाई केली नाही.

मग त्याने चाप ओढला. या वेळी त्याने सगळं पाहिलं. गोळी लागताना केस हलले, नर दोन पावलं चालला आणि बसला, आणि त्याने मान टाकली.

गोळी खांद्यामागे, जिथे असायला हवी तिथेच लागली होती. आर्लोने टोपी काढली, गुडघे टेकले, त्या उबदार मानेवर हात ठेवला आणि त्या जनावराचे मनापासून आभार मानले. मग तो रडला. बायकोच्या बहिणीदेखत रडला आणि त्याला लाज वाटली नाही. कॉरीन पाठ फिरवून सुरी शोधत राहिली, जी तिच्या हातातच होती.

"कॉरीन."

"काय?"

"तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"माझे कसले? त्या बिचाऱ्याचे माना."

"त्याचे मानून झाले. आता तुझे मानतोय, मध्ये बोलू नकोस." त्याने बाहीने नाक पुसलं. "सगळ्या गावाने माझं कौतुक केलं. माझे डोळे मिटतात, हे तू एकटीने बघितलंस. मी घालूनपाडून बोलेन हे माहीत असूनही ते मला दाखवून दिलंस. ती मादी काही परत येत नाही. पण यंदा माझ्या हातून कोणी लंगडत गेलं नाही, ते तुझ्यामुळे."

कॉरीनने सुरी गवतावर ठेवली आणि आता तिलाही डोळे पुसायला लागले.

"बोलून झालं, भाऊजी?"

"झालं."

"मग मागचे पाय धरा. तुमचा खांदा दुखतो, पुढून मी ओढते."