फादरांच्या मापाची साखळी

पितळेवर पडणाऱ्या हातोडीच्या नादाला रंग असतो असे म्हटले तर तुम्ही हसाल; पण मला तो नेहमी हळदीसारखा पिवळा दिसत आला आहे. भंडाऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीत बाबा पाण्याचे गुंड मठारत बसत, आणि तो नाद भिंतींतून झिरपत माझ्या पुस्तकापर्यंत येई. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळी सकाळी तो एकाएकी थांबला. बाहेर येऊन पाहते तो दारात फादर उभे, आणि त्यांच्या हातात कागदाची गुंडाळी.

फादर दूरदेशीचे. पण वीस वर्षे लाखनीकडच्या मिशनशाळेत शिकवून त्यांची जीभ आमच्याइतकीच झाडीपट्टीची झाली होती. त्याच शाळेच्या वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झाले, म्हणून त्यांच्यावर माझा हक्क होता असे मला वाटे. मायदेशी त्यांच्या धर्मसंघाचे एक कॅथलिक विद्यापीठ होते. त्याचे अध्यक्षपद आता त्यांच्याकडे आले होते. तिथली समारंभात अध्यक्षाच्या गळ्यात घालायची अधिकाराची जुनी साखळी आणि त्याच्यापुढे मिरवायचा दंड जीर्ण झाले होते. नवे भंडाऱ्यात घडावेत, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

बाबांनी कागदावरचा दंड निरखून पाहिला. गदेसारखा, पण टोकाला क्रूस.

“हा मारायसाठी नोहे त मंग कायले जी?”

“दाखवायले.”

“तुमी धरून चालसान?”

“नाही. माह्या समोर दुसरा मानूस धरून चालंल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले, मी बाबांकडे. ज्याच्या हाती दंड त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार त्याचे हात रिकामे! हे कोणते राजेपण?

बाबांनी सुतळीने फादरांच्या मानेचे माप घेतले. मान किडकिडीत होती, थोडी पुढे झुकलेली. तेवढ्यात मला राहवले नाही. “फादर, तुमी जाऊ नका. नाही म्हनून सांगा त्याईले!”

“मले कोनी इचारलंच नाही, बेटा. सांगतलं.”

आज्ञा पाळणाऱ्यालाच आज्ञेचे चिन्ह गळ्यात घालावे लागते, हे त्या वयात मला उमगले नाही. या वयात तरी उमगले आहे का? धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. पण त्या गृहस्थाच्या डोळ्यांत जे दाटले होते ते मला चांगले ओळखीचे होते. लग्न ठरलेल्या मैत्रिणींच्या डोळ्यांत मी ते पाहिले होते.

महिनाभर बाबा दुसऱ्या कामाला शिवले नाहीत. एकेक कडी त्यांनी तासून तासून पातळ केली, चिंचेने उजळली, आणि साखळीला लोंबणाऱ्या पदकावर दिवा कोरताना तर श्वाससुद्धा रोखून धरला. साखळी आणि दंड घेऊन फादर गेले. मी स्टँडवर पोचवायला गेले नाही. रागाने, की लाजेने, कोण जाणे.

पुढे पाकिटातून एक छायाचित्र आले. उंच खुर्ची, काळा झगा, छातीवर आमचे पितळ. आईने ते उजेडात धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. “हे कोन हायेत?” तिने विचारले. खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही सांगता आले नाही.

ऐंशीच्या दशकात फादर परतले, कुणालाही न कळवता. पद संपले होते. त्यांनी पुन्हा लाखनीच्या शाळेत मुलांना शिकवण्याचे काम मागून घेतले होते. आमच्या घरी भेटायला आले तेव्हा मी तिथेच होते, पण उठून उभे राहावे की धावत जावे हे न सुचून उंबरठ्यावरच घुटमळले. केस पांढरे झालेले, आणि मान पूर्वीपेक्षा कितीतरी वाकलेली.

बाबांनी पाट सरकवला आणि पहिला प्रश्न केला, “साखळी नाही आनली?”

“ते माही कुठं होती भाऊ? खुर्चीची होती. आता दुसऱ्याच्या गळ्यात हाय.”

“मी त तुमच्या मापानं केली होती.”

बाबांचा चेहरा असा उतरला, जणू दिल्या घरून लेक परक्याच्या हाती गेल्याची बातमी त्यांनी ऐकली होती. मग त्यांची नजर पाहुण्याच्या मानेवर गेली, आणि आवाज मऊ झाला.

“मान लय वाकली जी तुमची.”

“भारी होती ना ते.”

“भारी? मी त मुद्दाम हलकी केली होती!”

फादरांनी तोंडावर ओंजळ धरली. त्यांचे खांदे हलू लागले, आणि बराच वेळ हलत राहिले. हसू होते ते, की रडू? दुसऱ्यांच्या इच्छेखाली घालवलेल्या वर्षांचे ओझे उतरत होते, की ती वर्षे हातची गेली म्हणून काही तुटत होते? उंबरठ्यावरून मला नीट दिसले नाही. ते गेल्यावर मी बाबांना विचारले.

बाबा उगाचच चिमटा पुसत म्हणाले, “मले काय मालूम? मी त भट्टीकडं पाहून राहिलो होतो.”