मेमरी, आमच्यासाठी विनंती कर

मला एका जागी बसून आजतागायत काही पाठ झालेलं नाही. पाढे मी केळीच्या दोन रांगांमधून पळत शिकले, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं बावखलाच्या काठावर एका पायावर उभी राहून. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं शिंपणाचं तळं. त्यात मी किती वेळा पडले ते विचारू नका. सगळं नंदाखाल गाव म्हणायचं, ह्या पोरीचा मेंदू पायात आहे. मला ती शाबासकी वाटायची.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी बारावीची परीक्षा कशीबशी दिली आणि आमच्या शाळेचे पीटीचे सर एके दिवशी घरी आले. मुलींना व्यायामशिक्षिका करणारा एक वर्षाचा कोर्स आहे, म्हणाले, हिनं तिथे गेलंच पाहिजे. मी खुर्चीतून उडालेच. मग सर हळूच म्हणाले की मुलाखत असते, आणि ती इंग्रजीत असते. झालं, मी परत खुर्चीत. आम्ही मराठी शाळेतली माणसं. माझं इंग्रजी 'मे आय कम इन' पाशी सुरू व्हायचं आणि आत गेल्यावर संपायचं.

सरांनी धीर दिला. हमखास एकच प्रश्न येतो म्हणाले, व्यायामानं मेंदूचं काय भलं होतं? त्यासाठी त्यांनी वहीचं पान फाडून तीस शब्द लिहून दिले. मेमरी, कॉन्सन्ट्रेशन, नर्व्ह, रिफ्लेक्स, बॅलन्स, स्पाइन, ऑक्सिजन, फटीग... पुढे मराठीत अर्थ, फटीगपुढे 'थकवा'. मुलाखतीला तीन आठवडे होते.

बाबा सगळं ऐकून घेत होते. सर गेल्यावर ते एवढंच बोलले, "एकदाच. झालं तर जा. नाही झालं तर शिवणक्लास, आणि राजोडीचं स्थळ बघायचं." राजोडीचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. वाईट नव्हता बिचारा. पण त्याला म्हणे घरात शांत बसणारी मुलगी हवी होती. मी आणि शांत बसणार! मला त्या मुलाचीच दया आली.

तीस शब्द, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात मी टेबलाशी बसून घोकंपट्टी केली आणि आठवड्याच्या शेवटी मला चार शब्द येत होते. त्यातला एक 'ब्रेन', तो आधीपासून येत होता. एकदाच म्हणजे एकदाच, बाबांचा शब्द बदलत नसे.

आणि मे महिना म्हणजे आमच्याकडे सुकेळीची घाई. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, आणि पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं. माझी परीक्षा आहे म्हणून केळी थोडीच थांबणार? आई, आत्या आणि मी सकाळपासून सोलायला बसायचो. बाबा जरा पलीकडे, आमच्याकडे पाठ करून, तयार सुकेळी केळीच्या सुक्या पानात बांधत असायचे. मी कागदाची कड गुडघ्याखाली दाबून मोठ्यानं वाचायची. मेमरी. कॉन्सन्ट्रेशन. नर्व्ह. आत्या वैतागली. तिचं म्हणणं, नुसतं एकटीनं काय बडबडतेस, ऐकूनच झोप येते, आम्हाला काहीतरी काम दे.

मी परत सुरू केलं. "मेमरी," म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले. आईचं लक्ष केळ्यात होतं. रोज संध्याकाळी रोझरीच्या जपानंतर पवित्र मातेची लितानी असते, त्यात एकजण मातेचं एकेक नाव घेतो आणि बाकीचे उत्तर देतात. चाळीस वर्षांची सवय. आईच्या तोंडून आपोआप निघालं, "आमच्यासाठी विनंती कर."

तिघींचे हात थांबले. मग आत्या जी हसत सुटली! हातातलं केळं निसटून कोंबडीपुढे गेलं. आई एकीकडे हसत होती आणि एकीकडे कपाळाला हात लावून देवाची क्षमा मागत होती. मी मात्र पुढचा शब्द घेतला. कॉन्सन्ट्रेशन, आमच्यासाठी विनंती कर. नर्व्ह, आमच्यासाठी विनंती कर. काय सांगू, शब्द डोक्यात असे पटापट बसायला लागले, की माझा माझ्यावर विश्वास बसेना.

मग काय, धुमाकूळ. स्पाइन आला की तिघींनी पाठ ताठ करायची. बॅलन्स आला की आत्या डोक्यावर केळीची साल ठेवून उभी राहायची. रिफ्लेक्सला मी गुडघ्याखाली हाताच्या कडेनं मारायची आणि पाय उडाला की दोघी टाळ्या वाजवायच्या. ऑक्सिजनला छाती भरून श्वास. शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावून जायच्या. बाबा तेवढे पाठमोरेच. असल्या थिल्लरपणात ते नव्हते. आईला मात्र पापाची धास्ती बसली आणि रविवारी मिस्सेनंतर तिनं चर्चच्या फादरांना भीत भीत विचारलं. फादर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. आधी पोरीला पास होऊ दे, मग कबुलीला या, म्हणाले.

मुलाखत वसईतल्या एका शाळेत होती. बाबांनी चर्चला जायचा पांढरा शर्ट घातला आणि मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. माझ्या आधीची मुलगी बाहेर येताना फडाफड इंग्रजी बोलत आली, ते ऐकून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मला आत बोलावलं. बाबा व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकावर बसले.

आत तिघं होते. मधल्या मॅडमच्या गळ्यात शिट्टी होती, ती बघून जरा बरं वाटलं. प्रश्न आला, अगदी सर म्हणाले होते तोच. व्यायाम केल्यावर मेंदूत काय काय सुधारतं? मनात म्हटलं, जिंकले.

"मेमरी," मी म्हणाले. आणि थांबले.

उत्तर आलं नाही. येणार कुठून? आई आणि आत्या नंदाखालला केळी सोलत होत्या. आणि उत्तर नाही तर माझा पुढचा शब्द नाही. डोकं धुतल्यासारखं कोरं. मी पुन्हा म्हणाले, "मेमरी." शेजारचे गृहस्थ घड्याळ बघायला लागले. मला शिवणयंत्र दिसायला लागलं, राजोडीचा मुलगा दिसायला लागला.

तेवढ्यात खिडकीबाहेरून, हलक्या पण स्पष्ट आवाजात आलं, "आमच्यासाठी विनंती कर."

बाबा! मला विचार करायला सवडच नव्हती. कॉन्सन्ट्रेशन, मी म्हणाले. बाहेरून उत्तर. नर्व्ह. उत्तर. मग मी सुटलेच. गृहस्थ उठायला लागले, तर मॅडमनी हातानं त्यांना खाली बसवलं. स्पाइनला माझी पाठ आपोआप ताठ झाली, रिफ्लेक्सला पाय उडाला. मी संपवलं. मॅडमनी मराठीत विचारलं, बाहेर कोण आहे? मी म्हणाले, वडील. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा मी केळ्यांपासून सगळं सांगितलं. आता पाठांतर पुरे, म्हणाल्या, मी शब्द म्हणते, तू करून दाखव. करून दाखवायला काय, मी त्यांच्या टेबलावर चढायला निघाले होते. बॅलन्सला मी एका पायावर इतका वेळ उभी राहिले की त्यांनीच शिट्टी वाजवून मला थांबवलं.

दुपारी फळ्यावर यादी लागली. माझं नाव खालून दुसरं होतं. मी व्हरांड्यात नाचले, अक्षरशः नाचले. बाबांनी यादी दोनदा वाचली, शर्टाची बाही डोळ्यांना लावली आणि सायकलचं कुलूप काढलं.

परतताना मी मागे बसून एकटीच बडबडत होते. बाबा पायडल मारत होते. इतकी वर्षं मुलांना शिट्टीवर पळवल्यावरही मला त्या दिवसाची सायकल जशीच्या तशी आठवते, घामानं पाठीला चिकटलेला तो पांढरा शर्ट आठवतो. आगाशीच्या जवळ आल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"एकोणतीसच झाले. एक राहिला."

मी बोटं मोजायला लागले. मला आठवेना.

"फटीग," बाबा म्हणाले. धाप लागली होती त्यांना, वाढलेली पोरगी मागे घेऊन एवढा रस्ता.

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि म्हणाले, "आमच्यासाठी विनंती कर."