बुडीत मजुरीची केस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा चालवून घ्यावं. आमचे हे फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण आपल्या केसबद्दल यांनी एक ओळ कधी लिहिली नाही. म्हणून ही एक मी लिहून ठेवते. नावं कुणाचीच घालत नाही.

तेव्हा हे पौडच्या ठाण्यात होते. पिरंगुटकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांना मजूर पुरवणारी एक एजन्सी होती. एजन्सीला टोळ्या आणून देत ते मुकादम, म्हणजे लहान ठेकेदार. ती सकाळ आजही डोळ्यांपुढे आहे. मालेगावच्या नव्हे, आमच्या इथल्या माले गावच्या पंधरा-वीस बायका एका मुकादमाला मधे घालून ठाण्यात घेऊन आल्या. तो पौडच्या बाजारपेठेतला मुसलमान गृहस्थ. सगळ्या त्याला चाचा म्हणत.

"ह्यानं आमची तीन म्हैन्याची मजुरी खाल्ली, सायब!"

"खाल्ली असती तर असा वाळलो असतो व्हय?" चाचा म्हणाला. "एजन्सीचं दिवाळं निघालं. मालक कुलूप लावून पळाला. सायब, मला आत टाका. ह्या बाया भाईर जगू देत न्हाईत."

"आत फुकट भाकरी मिळतीया म्हून!" एक म्हातारी म्हणाली, तसे जमादारही हसले.

यांनी त्याला आत टाकलं नाही. ओसरीवर बसवून चहा दिला. एजन्सीनं बुडवलेले आणखी दोन मुकादम होते, त्यांनाही बोलावून फिर्याद घेतली. कारखान्यात चौकशी केली, तर तिथून एजन्सीला दर महिन्याला पैसे चुकते झालेले. मग दिवाळं निघालंच कसं?

मालक सापडेना, म्हणून त्याच्या बायकोला बोलावलं. ठाण्यात बाई पोलीस नव्हती. अशा वेळी मला पोलीस लाईनीतल्या घरून बोलावून बाईजवळ बसवत. चारचौघांत मला मान वर करता येत नाही, मी खालीच बघत होते.

"मालक कुटं हायेत ठावं न्हाई. माज्याकडं दमडी न्हाई. म्हैनाभर म्या उंबरा वलांडला न्हाई." दोन तास तिचं हेच उत्तर. यांनी आवाज चढवला नाही.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा वाढता वाढता मी म्हटलं, "त्या बाईच्या पायांना चिखल्या पडल्यात." बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोललेली होती. दिवसच्या दिवस भाताच्या चिखलात उभं राहिल्याशिवाय पायांची ही गत होत नाही. आणि त्या नवराबायकोच्या नावावर तर जमीनच नव्हती.

दुसरा कोणी असता तर "तुला काय कळतं" म्हणाला असता. हे हात धुऊन निघाले, मागोमाग मी. तिच्यापुढे खुर्ची ओढून यांनी घरच्यासारखं विचारलं, "वहिनी, आवणी उरकली का?"

"दोन खाचरं राहिल्यात," ती बोलून गेली, आणि तिनं तोंडावर पदर धरला.

यांनीच तिला पाणी दिलं. "एकटीनं एवढं भात लावलं? आमचे जमादार असते तर बांधावरच आडवे झाले असते." ती रडता रडता हसली आणि मग सगळं सांगितलं. मजुरीच्या पैशातून ताम्हिणीच्या बाजूला भावाच्या नावावर जमीन घेतली होती. मजूर लावले तर बोभाटा होईल, म्हणून ती एकटीच पावसात राबत होती. नवरा तिथल्याच खोपीत लपला होता. तिच्या कष्टांचं मला कौतुकच वाटलं, खोटं नाही लिहीत.

मालक त्याच दिवशी सापडला. तलाठ्याकडून कागद मिळाले, तसा तो वठणीवर आला.

हे पुढे म्हणत, "सगळे ज्याच्यावर तुटून पडलेत, त्याचं आधी ऐकायचं, हे मी त्या केसमध्ये शिकलो."

दिवाळीनंतर जमीन विकली. मालकानं पंचांसमोर पैसे मांडले. "आदी बायांचं," चाचा म्हणाला. बायकांचे झाले, दोन्ही मुकादमांचे झाले, पण बायका उठेनात. "चाचाचं मिळाल्याबिगर आमी हलत न्हाई." मग चाचाचे पैसे त्याच्या हातात पडले, पुरते. कुणाचा एक रुपया राहिला नाही.