लहान बॅचचे सर

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. त्याच्या पुतण्याने थोडक्यात सांगितलं, काका पहाटे झोपेतच गेले, अकरा वाजता नेणार. मी शटर पुन्हा खाली ओढलं. त्या वेळी मनात आलेला पहिला विचार, खरं सांगायचं तर, हेमराजबद्दल नव्हता. आज संध्याकाळी पाचला त्याची लहान मुलांची बॅच आहे, ती आता कोण घेणार, हा होता. याला पाच आठवडे झाले. त्या विचाराची मला अजून लाज वाटते. हेमराजने मात्र तो मनावर घेतला नसता, कारण त्यानेही आधी हेच विचारलं असतं.

सडक अर्जुनीत आम्ही दोघं मिळून वीसेक वर्षं कराटेचा क्लास चालवत होतो. हायवेला लागून समाजमंदिराचा हॉल आहे. बाहेरून मोठा ट्रक गेला की आतला हुकूम ऐकू येत नाही, पुन्हा ओरडावं लागतं. तरुणपणी आम्ही गोंदियात एकाच गुरूकडे शिकलो आणि काळा बेल्ट मिळायला आम्हा दोघांना बारा वर्षं लागली. मी हार्डवेअरच्या दुकानात बसलो, तो धानाच्या शेतीत राहिला. क्लासमध्ये मोठी मुलं माझ्याकडे आणि चार ते सात वर्षांची त्याच्याकडे, अशी वाटणी होती. ती मीच सुचवली होती, कारण रडणारी, मध्येच शू लागणारी मुलं मला झेपत नसत.

त्याचा एकच नियम होता. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत परीक्षा नाही आणि रंगीत बेल्ट नाही. तोवर पांढराच. पडायचं कसं, थांब म्हटलं की थांबायचं कसं, आपली पाळी येईपर्यंत उभं राहायचं कसं, एवढंच तो शिकवत बसे. पालकांना हे पटणं कठीण होतं. नागपुरातला मावसभाऊ सहाव्या वर्षी हिरवा बेल्ट लावून फोटो पाठवतो आणि आपलं पोर दोन वर्षं पांढऱ्यातच, हे कोणाला आवडेल? हेमराज त्यांच्याशी वाद घालत नसे. शेतकरी माणूस, एखादा पऱ्ह्याचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, नाहीतर रोवणीचा दाखला देईल असं वाटायचं, पण तेही त्याने कधी केलं नाही. एका बापाला तो एवढंच म्हणाल्याचं आठवतं, "पोरगं पाच वर्षांचं हाये. त्याले घाई नाही, तुले काऊन हाये?" पुढच्या महिन्यात बापाने मुलाला क्लासमधून काढलं.

अशी मुलं जात राहिली की मी अस्वस्थ व्हायचो. एका पावसाळ्यात हेमराज इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या आपल्या सासुरवाडीच्या शेतीत रोवणीसाठी तीन आठवडे गेला आणि त्याची बॅच माझ्यावर आली. आणखी दोन घरं मुलं काढायच्या गोष्टी करत होती. मी एका रविवारी परीक्षा ठेवली आणि अकरा मुलांना पिवळे बेल्ट देऊन टाकले. सगळ्यांत मोठं मूल सहा वर्षांचं होतं. आया नवे कपडे घालून आल्या, कोणी पेढे वाटले, माझ्या गळ्यात हार पडला. पालकांच्या आग्रहामुळे केलं असं मी पुढे बरेच दिवस सांगत असे. पण तो हार मला आवडला होता, हेही आता लिहून टाकतो.

आमच्याकडे पिवळा बेल्ट मिळाला की मूल मोठ्या बॅचमध्ये येतं आणि जोडीने लढतीचा सराव सुरू होतो. त्या अकरांत त्रिशा नावाची साडेपाच वर्षांची मुलगी होती. मी तिला नऊ वर्षांच्या मुलासमोर उभं केलं, कारण बेल्ट सारखेच होते. त्याने फार जोरात मारलं नाही. छातीच्या पॅडवर लाथ बसली, ती पडली, उठली, शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. ती रडली असती तर माझ्या लक्षात आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती तांदळाच्या कोठीमागे जाऊन बसली आणि तिची आई माझ्याकडे बघून कसंनुसं हसली.

हेमराज परतला तेव्हा मी भांडणाची तयारी ठेवली होती. त्याने "काऊन देला?" एवढं विचारलं आणि माझं सगळं स्पष्टीकरण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देलेला बेल्ट लेकराकडून काढता येत नाही. तू आता काही करू नको."

दुसऱ्या दिवशी तो कमरेला पांढरा बेल्ट बांधून हॉलमध्ये आला. बारा वर्षांत मिळवलेला काळा बेल्ट त्याने घरीच ठेवला होता. दारात उभ्या एका व्यापाऱ्याने हसत विचारलं, "सर, आपका डिमोशन हुआ क्या?" हेमराज म्हणाला, "हो." मुलांना काहीच समजावून सांगितलं नाही. आठवडाभरात तीन मुलं आपणहून पांढरा बांधून त्याच्या बॅचमध्ये परत आली, महिन्याभरात बाकीची. त्यांच्या हिशेबाने तो सरांचा बेल्ट होता. त्रिशाच्या घरीही तो चार-पाचदा गेला. तिच्या आजोबांशी कालव्याच्या पाण्याबद्दल बोलायचा, चहा घ्यायचा आणि तिच्याशी एक शब्द न बोलता उठायचा. एका संध्याकाळी ती आजोबांचं बोट धरून हॉलच्या पायरीवर आली. "पाय धुऊन ये," एवढंच तो म्हणाला. तिची परीक्षा त्याने आठव्या वर्षी घेतली.

त्यानंतर लहान बॅचसमोर तो मरेपर्यंत पांढऱ्या बेल्टमध्येच उभा राहिला. आम्ही त्या पावसाळ्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही आणि त्याला ती हवी होती असं कधी दिसलं नाही... पण मागायला हवी होती.

आता ती बॅच माझ्याकडे आहे. तेराव्यानंतरच्याच आठवड्यात एक वडील दुकानात आले. जुने सर कडक होते, आता तर सगळं तुमच्याच हातात आहे, परीक्षा घेऊन टाका, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. ते तितकं जड गेलं नाही. जड गेलं ते दुसरंच. पहिले दोन आठवडे मी काळा बेल्ट बांधूनच त्या मुलांसमोर उभा राहिलो. रोज घरून निघताना पांढरा पिशवीत टाकायचो आणि रोज तसाच परत आणायचो. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एवढंसं करवत नाही, हे मला स्वतःलाच नवीन होतं.

मागच्या सोमवारी अखेर बांधला. मुलं रांगेत उभी होती. टोकाला चार वर्षांची एक नवी मुलगी होती, त्याच आठवड्यात आलेली, हेमराजला तिने कधी पाहिलेलं नाही. तिने माझ्या कमरेकडे पाहिलं, मग आपल्या कमरेकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "तुमाले बी नाही भेटला का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

ती थोडी बाजूला सरकली आणि मला रांगेत जागा करून दिली.